पॅरिस : पडद्याची दुसरी बाजू

लंडनहून परत आलेल्या माणसाला लोक तिथल्या हवेबद्दल विचारतात, अमेरिकेहून आलेल्याला तिथल्या पगाराबद्दल विचारतात, पॅरिसहून आलेल्याला मात्र एक डोळा बारीक करून विचारतात, "मग? काय काय पाहिलंत?" ह्या प्रश्नातला दुसरा 'काय' जरा लांबवलेला असतो. आमच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या खोलीत हा प्रश्न मला निदान सहा वेळा विचारण्यात आला. मी लूव्हरचे नाव घेतले, आयफेल मनोऱ्याचे नाव घेतले, सेन नदीवरच्या जुन्या पुस्तकांच्या पेट्यांचे वर्णन केले. ऐकणाऱ्यांचे समाधान झाले नाही. त्यांना जे पॅरिस हवे होते तेही मी थोडेसे पाहिले. पण ते अशा बाजूने पाहिले, की सांगितले असते तर त्यांची निराशाच झाली असती. मी पाहिली ती त्या पॅरिसची हिशेबाची वही.

ही वही दाखवणारा आमचा भाचा. त्याला इंजिनियर करायचा घरच्यांचा बेत होता. तो पॅरिसला जाऊन चित्रपटांचा इतिहास शिकत बसला आहे. आम्ही उभयता त्याच्याकडे तीन आठवडे होतो. एके सकाळी तो म्हणाला, "मामा, आज तुम्हांला सिनेमा दाखवतो. पण तिकीट काढायचं नाही, नुसतं चालायचं." आमच्या सौ.ना तिकीट न काढण्याची कल्पना पसंत पडली, आणि आम्ही निघालो.

पॅरिसच्या ऑपेरापासून पूर्वेकडे रुंद रस्त्यांची एक माळ जाते. दर चारपाचशे पावलांवर रस्त्याचे नाव बदलते, रस्ता तोच राहतो. ह्यांनाच तिथे 'ग्राँ बुलव्हार', म्हणजे मोठे हमरस्ते म्हणतात. माळेच्या सुरुवातीला कापुसीन बुलव्हारवर १४ नंबरच्या इमारतीवर एक पाटी आहे. इथे पूर्वी 'ग्राँ काफे' नावाचे उपाहारगृह होते, आणि त्याच्या तळघरात २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिएर बंधूंनी पैसे घेऊन चलच्चित्रांचा खेळ केला. तिकीट एक फ्रँक, प्रेक्षक तेहतीस. त्या तळघराचे नाव 'सालाँ अँदियँ', म्हणजे चक्क 'हिंदी दिवाणखाना'! पुढे सहाच महिन्यांनी, ७ जुलै १८९६ रोजी, हाच खेळ मुंबईत वॉटसन हॉटेलात झाला. हिंदी दिवाणखान्यातून निघालेली वस्तू हिंदुस्थानात पोहोचायला एवढाही वेळ लागायला नको होता, असे मी म्हणालो. भाचा हसला, सौ. हसल्या नाहीत. माझे विनोद त्यांनी ऐकलेले असतात.

"आणि मामा," भाचा म्हणाला, "त्याच १८९६ साली इथे दुसरी एक फिल्म निघाली. 'नववधूचे शयन' असं तिचं नाव. रंगमंचावर गाजलेल्या एका मूक प्रवेशावरून काढलेली. नवरी लग्नाचे कपडे उतरवते, एवढंच कथानक."

म्हणजे आगगाडी स्टेशनात शिरताना पाहून लोक दिपले, त्यानंतर वर्षभराच्या आतच कॅमेरा शयनगृहात शिरला. पुढची सव्वाशे वर्षे फ्रान्सचे सरकार ह्या दुसऱ्या कॅमेऱ्याचे काय करावे ह्या विचारात आहे. त्या विचाराचीच ही हकीकत आहे.

फ्रान्समध्ये १९१९ सालापासून प्रत्येक चित्रपटाला सरकारी परवाना लागतो. त्याला ते 'व्हिसा' म्हणतात. माणसाला देशात शिरायला लागतो तसा चित्रपटाला थिएटरात शिरायला. हा व्हिसा देणारे मंडळ अनेक वर्षे कडक होते. दिदेरोच्या अठराव्या शतकातल्या कादंबरीवरून जाक रिव्हेत ह्या दिग्दर्शकाने एका जोगिणीची कथा पडद्यावर आणली, तेव्हा १९६६ साली मंत्र्याने ती बंद पाडली. आणि ती कादंबरी तर विद्यार्थी वाचत होते. गोदारने सांस्कृतिक मंत्री माल्रो ह्यांना जाहीर पत्र लिहून झोडपले. वर्षभराने, १९६७ साली, अठरा वर्षांच्या अटीवर ती कथा पडद्यावर आली. बंदीच मुळात बेकायदा होती, हे तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने म्हटले ते १९७५ साली. न्याय तिथेही सावकाशच चालतो, हे ऐकून बरे वाटले.

१९७४ साली जिस्कार देस्ताँ राष्ट्राध्यक्ष झाले आणि वारे फिरले. प्रौढ माणसाने काय पाहावे हे सरकारने ठरवू नये, मुलांचे रक्षण करावे आणि थांबावे, असे नवे धोरण आले. त्याच जूनमध्ये 'इमान्युएल' नावाचा चित्रपट लागला. ह्याची हकीकत भाच्याने आम्हांला आदल्याच दिवशी शाँझेलिझेवर ऐकवली होती. त्या दिमाखदार रस्त्यावरच्या एका थिएटरात तो दहा वर्षांहून अधिक काळ चालला. परदेशी प्रवाशांच्या सोयीसाठी खाली इंग्रजी अक्षरे उमटत असत. एकट्या फ्रान्समध्ये त्याची तिकिटे अठ्ठ्याऐंशी लाखांहून अधिक खपली. हा चित्रपट मर्यादेच्या अलीकडचा होता. कारण त्यात दाखवण्यापेक्षा सुचवणे अधिक होते. पण धरणाला भेग पडली की पाणी भेगेएवढेच येत नाही. वर्षभरात मर्यादेच्या पलीकडचे चित्रपट मोठ्या रस्त्यावरच्या, कुटुंबांनी जायच्या थिएटरांत लागू लागले, त्यांची भित्तिपत्रके शाळेच्या वाटेवर झळकू लागली, आणि गावोगावचे नगराध्यक्ष ओरडू लागले.

आता सरकारची पंचाईत झाली. कालच 'बंदी नाही' असे म्हटलेले. आज बंदी घातली तर जगात शोभा. मग त्यांनी जी युक्ती काढली ती फ्रेंचांनाच सुचावी. ३० डिसेंबर १९७५ रोजी जो कायदा झाला तो नीतीचा कायदा नव्हता. तो पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाचा कायदा होता! दाराला कुलूप लावले नाही, दारात जकातनाका बसवला.

बुलव्हारवरच्या एका बाकावर बसून भाच्याने कागदावर हा नाका काढून दाखवला. व्हिसा देणाऱ्या मंडळाने एखादा चित्रपट अश्लील किंवा हिंसेला उत्तेजन देणारा ठरवला, की त्याच्यावर 'एक्स' अक्षर पडायचे. मग तो फक्त खास नेमून दिलेल्या थिएटरांतच लागणार. बाहेर भित्तिपत्रकावर चित्र नाही, नुसते नाव. तिकिटावरचा कर तेहतीस टक्क्यांवर. नफ्यावर आणखी वीस टक्क्यांची पट्टी. चित्रपट परदेशी असेल तर एकरकमी तीन लाख फ्रँक वेगळे. आणि सर्वांत वर्मी घाव असा, की सरकारी मदत बंद.

ही मदत म्हणजे काय ते समजल्यावाचून ह्या घावाचे मर्म कळत नाही. फ्रान्समध्ये १९४६ साली स्थापन झालेले एक राष्ट्रीय चित्रपट केंद्र आहे. १९४८ सालापासून प्रत्येक तिकिटातला ठरावीक हिस्सा चित्रपटव्यवसायासाठी काढून ठेवला जातो. आज तो १०.७२ टक्के आहे. ती रक्कम नव्या चित्रपटांना, नव्या दिग्दर्शकांना, खेड्यापाड्यांतल्या थिएटरांना मिळते. हॉलिवूडचा चित्रपट धो धो चालला तरी त्याच्या तिकिटातून फ्रेंच चित्रपटाच्या ओंजळीत पाणी पडते. आपल्याकडच्या सहकारी संस्थेसारखेच म्हणा. 'एक्स' चित्रपटाने मात्र विहिरीत पाणी ओतायचे आणि आपला पोहरा टाकायचा नाही, असा न्याय झाला.

"ह्यात वाईट काय?" मी विचारले. "दारूवर कर बसवतात तसं."

"वाईट असं म्हणत नाही मी. पुढे काय झालं ते पाहा," भाचा म्हणाला, आणि आम्ही उठलो.

पुढे बॉन नूव्हेल बुलव्हारच्या तोंडाशी 'ग्राँ रेक्स' नावाचे अवाढव्य थिएटर आहे. १९३२ साली बांधलेले, मनोरा मिरवणारे. आपल्या मुंबईच्या रीगल-इरॉसच्या पिढीतले. त्याच्या शेजारून एक अरुंद गल्ली आत जाते, र्यू द ला व्हिल-नव्ह. म्हणजे 'नव्या नगराची गल्ली'; पण नवेपणाची खूण काही दिसली नाही. गल्लीत शिवणकामाच्या मालाची दुकाने, एक धोबीखाना, माल उतरवणारी गाडी. ह्याच गल्लीत 'बेव्हरली' हे छोटे थिएटर होते. देशात अशी शंभराहून अधिक खास थिएटरे एके काळी होती. एकेक करून विझत गेली. पॅरिसमधले हे शेवटचे. फेब्रुवारी २०१९ मध्ये तेही बंद झाले. शेवटपर्यंत तिथे जुन्या रिळांवरचे चित्रपट लागत आणि ठरलेली म्हातारी मंडळी येत.

सौ. दोन पावले मागे, धोबीखान्यापाशी उभ्या होत्या. पदर सावरून त्यांनी गल्लीकडे अशा नजरेने पाहिले, की जणू आम्हां दोघांना घेऊन त्यांना आता गंगेलाच जावे लागणार.

भाच्याने हिशेब पुढे चालवला. नाका बसला, तसा धंद्याचा चेहरा बदलला. १९७५ साली ह्या प्रकारात काही बरे करू पाहणारे लोक होते. खर्च भरून निघण्याची आशा संपताच ते बाजूला झाले. परदेशी चित्रपटावर तीन लाखांचा भार असल्यामुळे बाहेरचा माल थांबला, आणि नेमून दिलेल्या थिएटरांचे पोट भरायला देशी माल स्वस्तात आणि भराभर काढणे भाग पडले. पॅरिसबाहेरचा एखादा जुना वाडा भाड्याने घ्यायचा, आठवडाभरात सारे चित्रण उरकायचे. आवाज मागाहून भरायचे, कथा असून नसल्यासारखी. एकाच चित्रपटाच्या दोन आवृत्त्या निघत, एक सोवळी आणि एक ओवळी. सोवळी साध्या थिएटरांना, ओवळी खास थिएटरांना.

आणि नावे लपली. क्लोद बेर्नार-ओबेर हा मान्यवर दिग्दर्शक. थोर नट जाँ गाबँ ह्यांना घेऊन त्याने १९७३ साली एका गाजलेल्या खून-खटल्यावर चित्रपट काढला होता. हाच गृहस्थ पुढे 'बर्ड ट्रानबारी' ह्या नावाने 'एक्स' चित्रपट काढू लागला. भाच्याने ते नाव रोमन अक्षरांत लिहून दाखवले. बेर्नार-ओबेरचीच तेरा अक्षरे उलटीपालटी करून ते बनवले आहे! भाषेच्या शिक्षकाला अशा खेळाचे कौतुक वाटतेच. पण क्षणभराने वाटले, आपल्याच नावाची अशी मोडतोड करून जगण्यात माणसाला काय वाटत असेल?

मी काही बोलणार तोच सौ. पुढे आल्या. "एक विचारू का रे?" त्या भाच्याला म्हणाल्या. "तिकिटावर कर किती, नफ्यावर कर किती, पाटीवर काय लिहायचं, आत कोणाला सोडायचं, हे सगळं कायद्यात आहे म्हणतोस. मग त्या पडद्यावरच्या बायकांचं काय? त्यांच्यासाठी त्या कायद्यात काही होतं का?"

भाचा गप्प झाला. मग म्हणाला, "नाही मामी. एक ओळ नव्हती."

त्या दिवसाचे उरलेले चालणे मी ह्या एका प्रश्नाबरोबर केले. कायदा पाहणाऱ्याच्या डोळ्यांची काळजी करीत होता आणि सरकारच्या तिजोरीची. ज्या देहांवर हा सारा व्यापार उभा होता, त्यांचे नाव त्या वहीत जमेला नव्हते आणि खर्चालाही नव्हते. गंमत म्हणजे कायदा होण्याच्या सहाच महिने आधी, १९७५ च्या जूनमध्ये, जाँ-फ्राँस्वा दाव्ही ह्याचा 'एक्झिबिशन' हा चित्रपट आला होता. क्लोदिन बेकारी ह्या नटीची ती मुलाखत. त्यात उघडी दृश्ये होतीच. पण त्या बाईला तिचे बालपण, तिचे काम, तिचे मन ह्यांबद्दल विचारले होते आणि ती बोलली होती. न्यूयॉर्कच्या महोत्सवात तो दाखवला गेला. म्हणजे पडद्यावरची बाई बोलू शकते हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे नाही.

इथे मला आपले रघुनाथ धोंडो कर्वे आठवले. हेही गणित शिकायला ह्याच पॅरिसला आले होते. १९२७ साली सुरू केलेल्या 'समाजस्वास्थ्या'पायी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी दंड झालाच. कर्वे स्त्रीच्या आरोग्याबद्दल लिहीत होते आणि कोर्ट वाचणाऱ्याच्या मनाचे काय होईल हे मोजत होते. मुंबईचे कोर्ट काय किंवा पॅरिसचे मंडळ काय, 'अश्लील' म्हणजे काय हे ठरवताना नजर नेहमी बघणाऱ्याकडे. गंमत अशी, की फ्रान्सच्या त्या कायद्यातही 'अश्लील' ह्या शब्दाची व्याख्या नाही. मंडळ म्हणेल ते!

त्या गल्लीपासून दहा मिनिटांवर स्ट्रासबूर बुलव्हारवर 'ला स्काला' आहे. एकाच वास्तूला किती जन्म असावेत? १८७३ च्या सुमारास मिलानच्या प्रसिद्ध ऑपेरागृहाच्या नावाने एका श्रीमंत विधवा बाईने हे गानगृह बांधवले. मग १९३६ च्या सुमारास सिनेमा झाला. १९७७ साली पाच पडद्यांचे 'एक्स' थिएटर झाले. १९९९ मध्ये तेही मिटले आणि ब्राझिलच्या एका धर्मपंथाने वास्तू विकत घेतली; पण तिथे कलेखेरीज दुसरे काही चालवायला परवानगी मिळेना. अखेर २०१८ साली नाटकांचे गृह म्हणून ते पुन्हा उघडले. आत सारे निळेशार. आम्ही डोकावलो तेव्हा शाळेतली मुले रांगेने नाटकाला चालली होती. सौ.ना गंगेची गरज उरली नाही.

ह्या थिएटरांना कराने मारले, असे मात्र म्हणता येत नाही. मारले ते घराघरांत शिरलेल्या व्हिडिओने. दोर्सेलसारख्या कंपनीने ऐंशी सालापासून कॅसेटी काढल्या, मोठे वाडे आणि उंची वस्त्रे ही तिची खूण झाली. १९८४ साली सुरू झालेल्या 'कनाल प्लुस' ह्या पैसे भरून पाहायच्या वाहिनीने पुढच्याच वर्षी महिन्यातून एकदा, मध्यरात्री, असा चित्रपट दाखवायला सुरुवात केली. पहिला कोणता, तर तोच 'एक्झिबिशन'. हीच वाहिनी फ्रेंच चित्रपटांची सर्वांत मोठी आश्रयदाती. म्हणजे विहिरीचे पाणी आडवाटेने पुन्हा विहिरीत!

कायद्याच्या शिडीला एक पायरी नाही, हेही मध्येच उघडकीला आले. २००० साली कादंबरीकार व्हिर्जिनी देपाँत आणि तिची एक सहकारी ह्यांच्या चित्रपटाचा व्हिसा प्रदर्शनानंतर दोनच दिवसांनी न्यायालयाने रद्द केला. सोळा वर्षांची अट पुरेशी नाही, असे न्यायालयाचे मत. आणि सोळाच्या वर थेट 'एक्स'! अठराची पायरी १९९० साली काढून टाकली होती. २००१ साली ती पुन्हा बसवावी लागली.

मग इंटरनेट आले आणि नाकाच उरला नाही. तिकीट नाही तर तिकिटावरचा कर कुठला? थिएटर नाही तर पाटी कोणाची? चित्रण पडक्या खोल्यांत, भाड्याच्या घरांत होऊ लागले. २०२० साली पॅरिसच्या सरकारी वकिलांनी अशा एका टोळीवर तपास सुरू केला, आणि चाळीसच्या आसपास स्त्रिया पुढे आल्या. फसवून आणले, 'नाही' म्हटलेले ऐकले नाही, असे त्यांचे म्हणणे. मोठ्या कंपन्यांनी घाईघाईने आचारसंहिता छापल्या.

शेवटी भाच्याने आम्हांला नदी ओलांडून ल्युक्झांबूर बागेत नेले. पानगळ सुरू झाली होती, मुले तळ्यात शिडाच्या होड्या सोडत होती. त्या बागेतल्या राजवाड्यात फ्रान्सचे सेनेट भरते. इथूनच सप्टेंबर २०२२ मध्ये चार महिला सेनेटरांनी लिहिलेला एक अहवाल बाहेर पडला. मी मराठीचा मास्तर. मला त्याच्या नावाने धरून ठेवले. फ्रेंचमध्ये पडद्यामागच्या बाजूला 'आँव्हेर द्यु देकोर' म्हणतात. त्यातल्या एका अक्षराचा फरक करून त्या बायांनी नाव दिले 'आँफेर द्यु देकोर', पडद्यामागचा नरक. आमच्याकडचा कवी अशा एका अक्षरासाठी रात्र जागतो. अहवालात त्यांनी स्पष्ट म्हटले, की ह्या धंद्यातली हिंसा म्हणजे एखाद्या वाईट माणसाचा अपवाद नव्हे, ती धंद्याच्या रचनेतच आहे. नियम मोजायचा तर बघणाऱ्याच्या डोळ्यांनी नव्हे, कॅमेऱ्यासमोर उभी असते तिच्या अंगाने मोजा, असा त्याचा रोख.

१९७५ पासून २०२२ पर्यंत सत्तेचाळीस वर्षे होतात. आमच्या सौ.नी धोबीखान्याशेजारी उभे राहून जे दोन मिनिटांत विचारले, ते एका सुसंस्कृत देशाच्या कायदेमंडळाला विचारायला एवढी वर्षे लागली. त्यानंतर मुलांना ह्या संकेतस्थळांपासून दूर ठेवण्यासाठी २०२४ साली वयाच्या पडताळणीचा कडक कायदा झाला. जून २०२५ मध्ये अशा एका बड्या संकेतस्थळाच्या मालकांनी रुसून फ्रान्सपुरते दार लावून घेतले. म्हणजे भांडण पुन्हा बघणाऱ्याच्या वयापाशी आले. मुलांना सांभाळायलाच हवे, ह्यात शंका नाही. घरात वाढती मुले असलेल्या प्रत्येकाला ते पटेल. पण दुसरी बाजूही त्याच वहीत लिहायला हवी.

संध्याकाळी बागेचा रखवालदार शिटी वाजवत आला. दारे बंद व्हायची वेळ झाली होती. भाचा म्हणाला, "मामी, तुमचा प्रश्न मी माझ्या प्रबंधात घालणार आहे."

"घाल," सौ. म्हणाल्या, "आणि आधी नीट जेवत जा. किती वाळलायस!"